स्वस्तातला फ्लाय टायिंग व्हाइस: जबडे विकत घ्या, बैठक सोलापुरात करून घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात राहता, उजनीच्या पाण्यावर गळ टाकता, आता फ्लाय रॉड घेतलाय आणि फ्लाय, म्हणजे गळावर दोरा-पिसं बांधून केलेलं नकली आमिष, स्वतः बांधायला शिकायचंय. व्हाइससाठी, म्हणजे बांधताना गळ जबड्यात पकडून ठेवणाऱ्या शिकंज्यासाठी, तीन हजारांच्या आत रक्कम आहे. टेबलाच्या कडेला आवळायचा क्लॅम्पवाला घ्यावा की जड बैठकीवर उभा राहणारा पेडेस्टलवाला? आणि जाता जाता विचारलंय, की थोडी ओढाताण करून फिरणारा, म्हणजे रोटरी घेतला तर पुढचा खर्च वाचेल का.

प्रश्न तीन दिसतात, पण अडचण एकच आहे. पैसे थोडे आहेत आणि ते व्हाइसच्या कुठल्या भागावर पडायला हवेत हे ठरत नाहीये. माझं मत आधीच सांगून टाकतो: पैसे जबड्यांवर घाला. बैठक सोलापुरात करून मिळते, तीही स्वस्त व्हाइसबरोबर येते तिच्यापेक्षा जड आणि चांगली. जबडे मात्र इथे करून घ्यायच्या भानगडीत पडू नका. त्याचं कारण पुढे येईलच.

आधी तुम्ही काय बांधणार ते बघू, कारण बरंचसं त्यावर अवलंबून आहे. चिलापीसाठी 10 ते 14 नंबरच्या गळावर बारीक निम्फ, म्हणजे पाण्यातल्या किड्याच्या पिल्लासारखी फ्लाय, बांधणार असाल तर गळाची तार बारीक, दोरा बारीक, ओढ हलकी. रोहू-कटल्यासाठी पावाच्या तुकड्यासारखी फ्लाय 6-8 नंबरवर बसते, तिथेही फार जोर लागत नाही. मरळीचं गणित वेगळं. तिच्यासाठी पाण्यावर तरंगणारा बेडूक बांधायचा, तो 1/0 किंवा 2/0 च्या जाड तारेच्या गळावर. (नवीन माणसाचा इथे गोंधळ होतो: 16 नंबर हा 8 पेक्षा लहान, 1 नंबरनंतर मात्र 1/0, 2/0 असे गळ मोठे होत जातात.) परदेशात हे बेडूक हरणाच्या केसांचे बांधतात. आपल्याकडे तो नाद नको, थेट वन्यजीव कायद्याशी गाठ पडते. ईव्हीए फोमची शीट स्टेशनरीच्या दुकानात मिळते, तिचा बेडूक झकास होतो. पण फोम गळावर पक्का बसवायला दोरा करकचून ओढावा लागतो आणि त्या ओढीत गळ जबड्यातून जरा जरी सरकला तरी सगळी मेहनत तिरकी होते.

म्हणून जबडे. स्वस्तात मिळणाऱ्या व्हाइसपैकी बहुतेकांची ठेवण एकच असते. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात थॉम्पसन नावाची कंपनी 'मॉडेल ए' नावाचा व्हाइस बनवायची, त्याच्या या साध्या नकला. आपल्याकडेही त्या बनतात. आत एक चिरलेली दांडी असते, तिचं पुढचं टोक म्हणजे जबडे. मागचा खटका दाबला की दांडी एका निमुळत्या नळीत मागे ओढली जाते आणि जबडे मिटतात. गळाच्या जाडीप्रमाणे फट कमी-जास्त करायला दांडी आट्यांवर फिरवायची. यंत्र म्हणून यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही. चांगल्या आणि वाईट नगातला फरक दोनच गोष्टींत असतो: पोलाद किती कडक आहे आणि जबड्यांची दोन तोंडं एकमेकांना कशी भेटतात.

गळ हा कडक पोलादाच्या तारेचा. जबड्याचं पोलाद त्याच्यापुढे मऊ पडलं तर प्रत्येक आवळणीला जबड्यात बारीक खाच पडते. महिन्याभरात त्या खाचेत तुमचा नेहमीचा गळ घट्ट बसतो आणि बाकी सगळे सरकतात. दुसरी गोष्ट तोंडाची. दोन्ही जबडे टोकाशी आधी मिळायला हवेत. स्वस्त नगांत अनेकदा ते मागे मिळतात आणि टोकाशी फट राहते, मग खटका कितीही दाबा, गळ धरला जात नाही.

इथल्या लेथवाल्याला जबडे करायला सांगू नका म्हटलं ते यासाठी. सोलापुरात यंत्रमागाचे सुटे भाग बनवणारी वर्कशॉपं पुष्कळ आहेत आणि त्यांच्या हाताला चांगली सफाई आहे. पण साध्या एमएसला, म्हणजे माइल्ड स्टीलला, पाणी चढत नाही, ते कडक होत नाही. ओएचएनएससारखं टूल स्टील आणून, घासून, लाल तापवून तेलात विझवायचं, मग ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा बेताने तापवायचं, आणि एवढं करून दोन्ही तोंडं जुळलेली राहायला हवीत. एका नगासाठी हे कुणी मनापासून करणार नाही. केलं तर ते तुमच्या बजेटमध्ये बसणार नाही.

व्हाइस हातात आला की परत पाठवायची मुदत संपण्याआधी या गोष्टी तपासा. जबडे रिकामे मिटवून खिडकीच्या उजेडासमोर धरा. टोकाशी उजेडाची रेघ दिसली तर तिथेच शंका घ्या. मग 10 नंबरचा गळ लावा. गळ वळणाच्या खालच्या भागात धरायचा, टोक आणि त्याच्याजवळचा उलटा काटा जबड्याबाहेर राहू द्यायचा. काटा जबड्यात सापडला तर गळाला तडा जातो. खटका साधारण अर्ध्या वाटेवर जड लागायला हवा. तो शेवटपर्यंत ढिलाच गेला किंवा सुरुवातीलाच अडला तर मागच्या आट्यांनी फट जुळवून घ्या, खटक्यावर ताकद लावू नका. आता अंगठ्याने गळाचं डोळ्याकडचं, म्हणजे दोरी ओवायच्या भोकाकडचं टोक हळूहळू खाली दाबा. गळ लवायला हवा आणि सोडल्यावर टिंग करून जागेवर यायला हवा. लवायच्या ऐवजी तो जबड्यात फिरला, तर फट पुन्हा एकदा जुळवून बघा. तरीही फिरत असेल तर नग परत. हे करताना डोळ्यांवर चष्मा ठेवा, गळ तुटून उडतो तेव्हा दिशा विचारत नाही. हीच परीक्षा 14 नंबरवर आणि तुम्हाला मरळीचं बांधायचं असेल तर 1/0 वर करा. खोक्यावर अमुकपासून तमुकपर्यंत सगळे गळ धरतो असं छापलेलं असतं, ते मनावर घेऊ नका. तुमचे दोन-तीन नंबर धरले की पुरे.

आता बसवण्याचा प्रकार. इथे 'परिस्थितीवर अवलंबून' असं म्हणावंच लागेल, पण कुठल्या परिस्थितीवर ते सांगतो.

एखाद्या टेबलाशी तुमची कायमची जागा असेल तर क्लॅम्पला तोड नाही. वजन टेबलाचं, त्यामुळे व्हाइस उलटण्याचा प्रश्नच नाही. फोमच्या बेडकावर दोरा कितीही ओढा. व्हाइसची उभी दांडी वर-खाली करून गळ हवा त्या उंचीला आणता येतो. कोपरं टेबलावर टेकलेली आणि गळ छातीच्या वरच्या भागासमोर, अशी उंची ठेवा, म्हणजे मान मोडत नाही. शिवाय क्लॅम्प कडेला असल्यामुळे खाली एक पिशवी अडकवली की कातरलेली पिसं आणि दोऱ्याचे तुकडे थेट तिच्यात पडतात. घरच्यांशी संबंध चांगले राहण्यासाठी ही पिशवी व्हाइसपेक्षा महत्त्वाची आहे, असं माझं मत आहे.

पण क्लॅम्प आपल्या घरातल्या टेबलांवर बसतो का, हे आधी बघा. परदेशी चित्रांत दिसतो तसा कडेला मोकळा, जाड फळीचा टेबल आपल्याकडे कमीच. कंप्युटर टेबल असेल तर खाली कीबोर्डचा सरकता कप्पा असतो, क्लॅम्पचा स्क्रू त्यालाच अडतो. कार्यालयी पत्र्याच्या टेबलाची कड आत दुमडलेली असते, त्यामुळे खालून स्क्रूला टेकायला सपाट जागा मिळत नाही. जेवणाच्या टेबलावर काच असेल तर विषय तिथेच संपला. सनमायका लावलेल्या प्लायवर क्लॅम्प चालतो, फक्त वर-खाली रबराचा किंवा जुन्या चपलेचा तुकडा घाला, नाहीतर गोल व्रण पडतो. स्वयंपाकघरातल्या कडाप्प्याच्या ओट्याला लावायचा विचार डोक्यात येईल. त्याचा उपयोग नाही: कड बाहेर पुरेशी येत नाही आणि ती फुटली तर नवा कडाप्पा व्हाइसपेक्षा महाग पडेल.

आणि खाली बसून काम करणारे? आपल्याकडे अनेकांना मांडी घालूनच हाताचं काम जमतं, मलाही चौरंगापुढे बसून बांधायला आवडतं. चौरंगाला कडेखाली पट्टी असते, तिथे क्लॅम्प नीट बसत नाही. त्यापेक्षा इंचभर जाडीची, दोन फूट लांब साधी फळी घ्या. एका टोकाला क्लॅम्प आवळा आणि दुसरं टोक विळीच्या पाटासारखं गुडघ्याखाली दाबून बसा. क्लॅम्पच्या खालच्या स्क्रूला जागा हवी म्हणून फळीच्या दोन्ही टोकांना खालून पट्ट्या ठोका. तुमचंच वजन बैठकीचं काम करतं. यात खर्च जवळजवळ शून्य, फक्त उंची कमी पडते, म्हणून दांडी पूर्ण वर घ्यावी लागते.

पेडेस्टलचा खरा फायदा जागा बदलता येणं हा. आणि सोलापुरात जागा बदलावी लागते, त्याचं कारण उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 च्या पुढे गेला की पंख्याशिवाय बसवत नाही, आणि पंख्याखाली मऊ पिसं, विशेषतः माराबू, हातात टिकत नाहीत. पाकीट उघडलं की अर्धा माल खोलीभर. कूलरसमोर तर विचारूच नका. ज्याचा व्हाइस पंख्याखालच्या टेबलाला आवळलाय त्याला एकतर घाम गाळावा लागतो, नाहीतर पिसं वेचावी लागतात. बैठकीवाला माणूस व्हाइस उचलून खोलीच्या अशा कोपऱ्यात जातो जिथे वारं अंगाला लागतं पण हातापर्यंत येत नाही. दिवे गेले की खिडकीशी जातो. ही सोय कुठल्या माहितीपत्रकात लिहिलेली नसते, पण इथे राहणाऱ्याला तिचं मोल आहे.

मग अडचण कुठे? स्वस्त पेडेस्टलची बैठक हलकी असते. अनेकदा पातळ पत्रा किंवा पोकळ बीड, वरून चकचकीत मुलामा. दोरा स्वतःकडे ओढला की मागची कड उचलली जाते. म्हणून माझा सल्ला असा: क्लॅम्पवाला व्हाइस घ्या, तो त्याच ठेवणीच्या पेडेस्टलवाल्यापेक्षा सहसा स्वस्त असतो, आणि उरलेल्या पैशांत बैठक वर्कशॉपमधून करून घ्या. मग दोन्ही सोयी तुमच्याकडे. बहुतेक व्हाइसची दांडी 3/8 इंचाची, म्हणजे साधारण साडेनऊ मिलिमीटरची असते, पण स्वस्त नगांत यावर विसंबू नका. तोंडी माप सांगण्यापेक्षा दांडी सोबत घेऊन जा, लेथवाला व्हर्नियर लावून भोक पाडेल.

बैठक किती जड? बऱ्याच बैठका 6 इंच बाय 6 इंच असतात. अर्धा इंच जाड एमएस प्लेटची तशी बैठक भरते सुमारे 2.3 किलो. गळ टेबलापासून 20 सेंटीमीटर उंच धरला आणि दोरा सरळ आडवा तुमच्याकडे ओढला, तर ही बैठक साधारण साडेआठशे ग्रॅमच्या ओढीला पुढे कलू लागते. बारीक दोऱ्याला हे चालून जातं, बेडकाला नाही. तीच प्लेट 8 इंच बाय 6 इंच घ्या आणि 8 इंचांची बाजू तुमच्याकडून पलीकडे जाईल अशी ठेवा. वजन होतं 3.1 किलोच्या आसपास, पण उलटायला लागणारी ओढ मात्र दीड किलोच्या वर जाते. जादा किलोभरापेक्षाही कमी लोखंडात ताकद जवळजवळ दुप्पट, कारण वजन वाढलं आणि टेकूही लांब झाला. लोखंड किलोवर मिळतं, तेव्हा हा वाढीव तुकडा फार महाग पडत नाही.

दांडीचं भोक प्लेटच्या मधोमध घेऊ नका. उजव्या हाताने बांधणाऱ्याच्या व्हाइसचे जबडे उजवीकडे तोंड करून असतात, म्हणजे गळ दांडीपासून वीतभर नाही तरी चार बोटं उजवीकडे येतो. दांडी मधोमध असली तर गळ प्लेटच्या कडेवर किंवा बाहेर जातो आणि खाली ओढलं की बैठक त्या बाजूला कलते. भोक डाव्या कडेजवळ घ्या, म्हणजे गळ प्लेटच्या पोटावर येईल. डावखुऱ्यांनी उलट.

लेथवाल्याला असं सांगा: 30 मिलिमीटर जाड गोल बारचा 50 मिलिमीटर उंच तुकडा. वरून 35 मिलिमीटर खोल भोक, दांडी घट्ट पण हाताने सरकेल असं. खालून 8 मिलिमीटरचा टॅप, आणि प्लेटच्या तळातून डोकं आत बसणाऱ्या बोल्टने आवळायचं. बाजूने 6 मिलिमीटरचा अ‍ॅलन स्क्रू, त्याच्या पुढे पितळेचा छोटा तुकडा, म्हणजे दांडीला चावा बसत नाही. तो म्हणेल, "कशाला एवढं ओ, वेल्डिंग मारून देतो की." नको म्हणा. वेल्डिंगच्या उष्णतेने प्लेट बारीकशी वाकते आणि मग बैठक टेबलावर डुगडुगते. बिडाची प्लेट देऊ केली तरी एमएसच मागा. बिडाला पुढे कधी वेल्डिंग करायची वेळ आली तर ते तडकतं. तळाला रबराचे पाय चार नाही, तीन लावा. तीन पायांवरची वस्तू डुगडुगत नाही. त्यातले दोन पाय तुमच्या बाजूला, अगदी कोपऱ्यांत हवेत, एक मागे. वरून फिकट रंग द्या, म्हणजे पडलेला गळ दिसतो. प्लेट लोखंडाची असल्यामुळे एका कोपऱ्यात छोटं लोहचुंबक चिकटवलं की गळ तिथेच राहतात.

रोटरीबद्दल थोडक्यात. खरा रोटरी म्हणजे गळाची दांडी फिरण्याच्या अक्षावरच राहते आणि व्हाइस फिरवला की दोरा किंवा पीस आपोआप गुंडाळलं जातं. रेन्झेटी, पीक यांचे असे व्हाइस उत्तम आहेत, पण ते तुमच्या बजेटच्या कितीतरी बाहेर, वर कुरिअर आणि कस्टम. तुमच्या बजेटमध्ये जो 'रोटरी' मिळेल त्यात फिरणाऱ्या सांध्याला सहसा खेळ असतो आणि ब्रेकचा स्क्रू ऐन गुंडाळताना ढिला होतो. शिकणाऱ्याला त्यातली एकच गोष्ट खरोखर लागते: फ्लायची पलीकडची बाजू बघणं. ती साध्या व्हाइसमध्ये डोकं वाकवून किंवा मागे छोटा आरसा ठेवून बघता येते. दोऱ्याचे वेढे हातानेच घालायला शिका. तो हात बसला की मग रोटरीचा वेग कामाचा.

आणि व्हाइस येईपर्यंत थांबवत नसेल, तर हार्डवेअरच्या दुकानात ग्रिप प्लायर मिळतो, तो फळीला आवळून मरळीचे मोठे गळ धरता येतात. बारीक गळांना त्याचे दाते लागतात आणि बोटांना जागा उरत नाही, म्हणून चिलापीच्या फ्लायसाठी त्याचा उपयोग नाही. पण दोन-चार फोमचे बेडूक बांधून बघायला आणि हा छंद आपल्याला मानवतो का ते कळायला तेवढं पुरतं.

तेव्हा तुमच्या तीन हजारांचा क्रम असा लावा: साधा, खटक्याचा, क्लॅम्पवाला व्हाइस, जबड्यांची परीक्षा, त्यात पास झाला तरच बैठकीसाठी वर्कशॉप. बैठकीची घाई नाही, एखादा महिना फळीवर काढलात तर उंची किती हवी, बसायचं कुठे, हे तुमचं तुम्हालाच कळेल आणि लेथवाल्याला नेमकं सांगता येईल. कुठल्या गळांवर बांधणार त्यांचे नंबर, आणि घरच्या टेबलाची जाडी व कडेखाली किती मोकळी जागा आहे, एवढं मोजून लिहा. क्लॅम्पचं तोंड किती उघडणारं हवं ते त्यावरून सांगतो.